डेंग्यूचा ताप उतरल्यावर मुलाच्या पोटाकडे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या वृत्तपत्रात डेंग्यूच्या बातम्या येऊ लागतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र या बातम्यांत रुग्णसंख्येला आणि प्लेटलेटच्या तुटवड्याला जितकी जागा मिळते, तिच्या दहाव्या हिश्श्यानेही जागा डेंग्यू झालेल्या मुलाच्या पोटाला मिळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अनेक वर्षे लहान मुलांवर उपचार करणारी डॉक्टर या नात्याने मी हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे. वॉर्डात येणारा जवळजवळ प्रत्येक नातेवाईक ‘आज पेशी किती आल्या?’ असे विचारतो. ‘पोट दुखायचे थांबले का?’ हा प्रश्न क्वचितच कानावर पडतो. वास्तविक डेंग्यूत मूल गंभीर होऊ लागल्याची पहिली खबर पुष्कळदा पोटच देते, आणि त्या वेळी हालचाल केली तर मूल वाचण्याची शक्यता फार मोठी असते.

हे नीट समजण्यासाठी आजाराचा क्रम माहीत असावा लागतो. डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. या दिवसांत अंग मोडून येते, डोके दुखते, जेवण जात नाही, एखाददुसरी उलटी होते, आणि बहुसंख्य मुले एवढ्यावरच बरी होतात. थोड्या मुलांत मात्र ताप उतरू लागतो त्याच सुमारास, म्हणजे बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तातील पातळ भाग, ज्याला आपण रक्तद्रव म्हणतो, तो वाहिन्यांबाहेर पडून पोटाच्या पोकळीत आणि फुप्फुसांभोवती साचतो. वाहिन्यांत मागे उरलेले रक्त दाट होते, त्याचे आकारमान घटते आणि हातापायांना, मूत्रपिंडांना, आतड्यांना रक्त कमी पडू लागते. ही गळती २४ ते ४८ तास चालते आणि नंतर आपोआप थांबते. मुलाचा जीव धोक्यात येतो तो या दोन दिवसांत, आणि नेमके हेच दोन दिवस घरात ‘चला, ताप उतरला’ म्हणून सुटकेचा श्वास सोडण्याचे असतात.

एका मुलीचे उदाहरण देते. आठ वर्षांची, आजाराचा पाचवा दिवस. आदल्या रात्री ताप उतरला होता आणि सकाळपासून पोट दुखत होते. दोनदा तपासून घेऊनही पोटदुखी ‘परवा बाहेरचे खाल्ले त्याची’ समजली गेली आणि पित्ताचे औषध देऊन तिला घरी पाठवण्यात आले. दुपारी आमच्याकडे आणली तेव्हा ती पोटाशी गुडघे घेऊन कुशीवर पडली होती, प्रश्नांची उत्तरे नीट देत होती, अंगाला ताप नव्हता. पावले मात्र गार होती, अंगठ्याचे नख दाबून सोडले तर त्यावरचा गुलाबी रंग परतायला वेळ लागत होता, आणि आईला विचारले तेव्हा तिने सकाळपासून लघवी केलीच नव्हती. रक्तदाब १०० आणि ८४ भरला. वरचा आकडा पाहणाऱ्याला तो उत्तम वाटेल. पण वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर २० किंवा त्याहून कमी होणे म्हणजे मूल शॉकच्या, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोचण्याच्या जीवघेण्या अवस्थेच्या, दारात उभे आहे. दोन दिवसांपूर्वीच्या रक्ततपासणीत तिचे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) ३६ होते, आता ते ४५ झाले होते, म्हणजे रक्त पाव हिश्श्याने दाट झाले होते. वडिलांच्या हातातल्या रिपोर्टवर मात्र पेनने गोल केला होता तो प्लेटलेटच्या आकड्याभोवती. तो आकडा ७० हजारांच्या आसपास होता आणि त्याला कोणताही उपचार लागत नव्हता. मुलीला गरज होती ती तासातासाला मोजून दिलेल्या सलाईनची. ती दिली, आणि मुलगी बरी होऊन घरी गेली. एक पिशवीही प्लेटलेट तिला चढवावी लागली नाही.

पोट का दुखते याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती बऱ्याचदा एकत्र असतात. झिरपलेला द्रव पोटाच्या पोकळीत आणि आतड्यांच्या भिंतींत साचतो. विषाणूचा मारा यकृतावरही होतो, ते सुजते, त्याच्यावरचे आवरण ताणले जाते आणि उजव्या बरगडीखाली हात लावला तरी मूल कळवळते. यकृताची कडा बरगडीखाली दोन सेंटिमीटरहून अधिक लागणे हे धोक्याचे लक्षण मानले आहे. बहुतेक मुलांत ही सूज आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. काही थोड्यांत मात्र यकृताची एन्झाइम्स हजाराच्या वर जातात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रक्तातील साखर उतरते आणि मूल गुंगीत जाते. ही यकृत निकामी होण्याची सुरुवात असते, आणि गुंगीला ‘अशक्तपणामुळे झोपलंय’ असे समजून चालत नाही. स्वादुपिंडालाही क्वचित सूज येते. तेव्हा वेदना पोटाच्या वरच्या भागात असह्य असते, ती पाठीकडे जाते आणि उलट्या थांबत नाहीत. अशा मुलाच्या रक्तातील अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडाची एन्झाइम्स तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. शॉक लांबला तर पोटातील आतल्या अस्तरातून रक्तस्राव होतो आणि काळी शौच किंवा काळपट उलटी दिसू लागते. हा रक्तस्राव केवळ प्लेटलेट कमी झाल्यामुळे होतो असे लोकांना वाटते. पण मोठ्या रक्तस्रावाच्या मागे बहुधा वेळेवर न ओळखलेला शॉक असतो.

पित्ताशयाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक घबराट तिथे होते. डेंग्यूच्या गळतीत पित्ताशयाची भिंत सुजते. एरवी जी भिंत तीन मिलिमीटरपर्यंत असते ती पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसते. पित्ताशयात खडा नसतो. सोनोग्राफीच्या कागदावर मात्र ‘पित्ताशयाचा दाह’ असे शब्द येतात आणि घाबरलेले आईवडील मुलाला घेऊन शल्यचिकित्सकाकडे धावतात. जाड झालेली ही भिंत म्हणजे पित्ताशय बिघडल्याचा पुरावा नसून वाहिन्या झिरपू लागल्याची खूण आहे. गळती थांबली की काही दिवसांत ती पूर्ववत होते. शस्त्रक्रियेची वेळ क्वचित एखाद्यावर येते. खरे पाहता त्या सोनोग्राफीचा उपयोग पित्ताशयावर उपचार करण्यासाठी नसून मुलाला लगेच निगराणीखाली घेण्यासाठी व्हायला हवा. उजव्या फुप्फुसाखाली किंवा पोटात द्रवाची बारीक रेघ दिसली तरी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी ती रिपोर्टमध्ये लिहिण्याबरोबरच उपचार करणाऱ्याला फोनवर सांगावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

अपेंडिक्सचा घोटाळा याहून अवघड. उजव्या बाजूला खाली दुखते, उलट्या होतात, दाबले की मूल ओरडते. पावसाळ्यात असे मूल समोर आले तर दोन गोष्टी विचारायला एक मिनिटही लागत नाही. अपेंडिक्समध्ये सहसा आधी पोट दुखते आणि ताप मागाहून येतो. डेंग्यूत ताप तीन-चार दिवस आधीपासून असतो आणि पोट नंतर दुखू लागते. दुसरे म्हणजे अपेंडिक्समध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, डेंग्यूत त्या उतरलेल्या असतात. रक्त गोठण्याची यंत्रणा डळमळीत असताना आणि वाहिन्या झिरपत असताना पोट उघडणे म्हणजे न थांबणाऱ्या रक्तस्रावाला निमंत्रण आहे. अपेंडिक्स खरोखरच फुटल्याची प्रकरणेही डेंग्यूसोबत क्वचित घडतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हा निर्णय एकट्याने घेण्याचा नाही. बालरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघांनी मुलाच्या खाटेपाशी उभे राहून तो घ्यायला हवा.

आता सलाईनविषयी. सलाईन कमी पडले तर मूल शॉकमध्ये जाते, हे लोकांना समजावणे सोपे आहे. जास्त झाले तरी मूल दगावू शकते, हे मात्र कोणी ऐकून घेत नाही. गळती चालू असताना दिलेले प्रत्येक मिलिलिटर काही प्रमाणात पोटात आणि छातीत उतरत असते. त्यामुळे वाहिन्यांतला प्रवाह टिकेल इतकेच, म्हणजे वजन आणि हिमॅटोक्रिट पाहून दर तासाला ठरवलेले, तेही साध्या ग्लुकोजचे नव्हे तर मिठाच्या योग्य प्रमाणाचे सलाईन द्यावे लागते. शॉक नसलेल्या पण धोक्याची लक्षणे असलेल्या मुलात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे पहिले एक-दोन तास दर किलोमागे तासाला पाच ते सात मिलिलिटर, मग तीन ते पाच आणि मग दोन ते तीन असे ते उतरवत न्यायचे असते. या हिशेबाऐवजी ‘दोन बाटल्या चढवा’ असा उपचार झाला, तर पोट ढोलासारखे ताणले जाते. ताणलेले पोट खालून फुप्फुसांना वर ढकलते, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त अडवते, श्वास वाढतो आणि लघवी थांबते. मग लघवी होत नाही म्हणून आणखी सलाईन दिले जाते. पोटात सुई घालून पाणी काढण्याचा मार्गही इथे सहजी मोकळा नसतो, कारण त्यातून रक्तस्राव होण्याचे भय असते. ताप आणि गळती यांनंतरचा तिसरा, म्हणजे बरे होण्याचा टप्पा सुरू झाला की बाहेर गेलेला द्रव दोन-तीन दिवसांत पुन्हा वाहिन्यांत परततो. मुलाला भूक लागू लागते, लघवी भरपूर होते आणि कधी हातापायांवर खाजरे पुरळ येते. त्या वेळी सलाईन बंद झालेले असले पाहिजे, नाहीतर तेच पाणी फुप्फुसांत भरते. ‘डॉक्टरांनी सलाईन काढून टाकले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना मी हे प्रत्येक वेळी बसवून समजावते.

घरात होणारी चूक औषधाच्या बाटलीतून होते. डेंग्यूच्या संशयात ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल द्यायचे असते. आयबुप्रोफेन, मेफेनामिक अॅसिड, डायक्लोफेनॅक आणि अॅस्पिरिन यांनी पोटाच्या अस्तराला इजा होते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. लहान मुलांच्या तापाच्या कितीतरी सिरपमध्ये पॅरासिटामॉलसोबत यांपैकी एक औषध मिसळलेले असते आणि ते औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ताप लवकर उतरावा म्हणून कमरेत मारलेली सुई तर अशा मुलाच्या स्नायूत रक्त साकळवते. पॅरासिटामॉलही बेताने द्यावे लागते: दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नाही. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, काहींत २५० मिलिग्रॅम. सिरपच्या हिशेबाने थेंबांच्या औषधाचा चमचा भरला की ५०० मिलिग्रॅम पोटात जाते, आणि हे सगळे आधीच सुजलेल्या यकृताला सोसावे लागते.

प्लेटलेट वाढाव्यात म्हणून दिल्या जाणाऱ्या पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट यांबद्दल थोडक्यात. पोट दुखत असलेल्या आणि उलट्या करणाऱ्या मुलाला कडू रस पाजणे हा त्याचा छळ आहे. त्यापेक्षा ओआरएस, भाताची पेज, शहाळ्याचे पाणी, ताक असे थोडे थोडे सतत द्यावे. तेही पोटात राहत नसेल तर ते धोक्याचे लक्षण समजून रुग्णालय गाठावे.

तान्ह्या बाळांचा प्रश्न वेगळा आहे आणि अधिक काळजीचा आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाला तर आजार तीव्र होण्याची शक्यता वाढते. आईला पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर तिच्याकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली रक्तातील प्रथिने) पहिल्या वर्षात, विशेषतः सहा महिन्यांच्या आगेमागे, संरक्षण करण्याऐवजी उलट काम करू शकतात. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच डेंग्यू झालेले बाळही गंभीर होते. असे बाळ ‘पोट दुखतंय’ म्हणून सांगणार नाही. ते दूध सोडेल, पाय पोटाशी घेऊन किरकिरेल, नाहीतर एकदम गप्प पडेल, आणि पोट फुगेल. या वयात पोट फुगले की हिंग, ओवा, गुटी सुरू होते. तापानंतर पोट फुगलेले आणि दूध न पिणारे बाळ त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे.

यातली कोणतीही गोष्ट नवी नाही. १९८१ साली क्युबात डेंग्यूची जी साथ आली, तिच्यात ३ लाख ४४ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि १५८ मृत्यू झाले. त्यांपैकी १०१ लहान मुले होती. १९९६ मध्ये दिल्लीतील साथीत दहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि चारशेवर दगावले. अशा साथींमधून डॉक्टर जे शिकले त्याचे सार जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली केलेल्या डेंग्यूच्या वर्गीकरणात आले, आणि त्यातील धोक्याच्या लक्षणांच्या यादीत पहिलेच लक्षण पोटदुखी किंवा पोट दाबल्यावर दुखणे हे आहे. त्याखाली सतत उलट्या, पोटात किंवा छातीत द्रव साचणे, हिरड्या-नाकातून रक्त, गुंगी किंवा अस्वस्थता, यकृत वाढणे, आणि हिमॅटोक्रिट वाढत असताना प्लेटलेट झपाट्याने घसरणे ही लक्षणे येतात. प्लेटलेटचा आकडा तिथेही एकटा येत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. वेळेवर ओळख आणि योग्य उपचार झाले तर तीव्र डेंग्यूतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहते. उपचार झाले नाहीत तर ते वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

आपल्याकडे निदानाची सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होणारी डेंग्यूच्या प्रतिपिंडांची चाचणी किट देशभरातील शासकीय प्रयोगशाळांना पुरवली जातात. पण पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूच्या प्रथिनाची चाचणी) आणि त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडांची चाचणी), हा क्रम पाळला नाही तर खऱ्या डेंग्यूचा अहवालही ‘निगेटिव्ह’ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. त्याहून मोठी उणीव साध्या वस्तूंची आहे. माझ्या पाहण्यातील अनेक ग्रामीण रुग्णालयांत मुलांच्या दंडाच्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा नसतो. मोठ्यांचा पट्टा लहान दंडाला गुंडाळला की आकडा चुकतो, आणि मग मुलांचा रक्तदाब मोजणेच सोडून दिले जाते. तीन-चार मापांचे पट्टे आणि बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत हिमॅटोक्रिट सांगणारे छोटे यंत्र जून उजाडण्यापूर्वी प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात असायला हवे. प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी होणाऱ्या धावपळीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघर जाऊन साचलेले पाणी पाहतात, पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळायला लावतात. त्यांच्या प्रशिक्षणात एक वाक्य वाढवावे की तापातून उठलेल्या मुलाच्या घरी ताप उतरल्यानंतर दोन दिवस पुन्हा जाऊन पोटदुखी, उलटी आणि लघवी यांची चौकशी करावी. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस असतो. त्या दिवशी निघणाऱ्या फलकांवर डासाच्या चित्राशेजारी हे वाक्यही असावे.

आपल्याला एक विनंती आहे. जुलै ते नोव्हेंबर या काळात डेंग्यूची बातमी ज्या दिवशी छापाल, त्या दिवशी तिच्या खाली एक छोटी चौकट द्यावी: ‘ताप उतरल्यानंतरच्या ४८ तासांत मुलाचे पोट सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हातपाय गार पडत असतील, सहा तासांत लघवी झाली नसेल, मूल गुंगत किंवा फार अस्वस्थ असेल, किंवा कोठूनही रक्त येत असेल, तर प्लेटलेटचा आकडा काहीही असो, मुलाला लगेच रुग्णालयात न्या.’ हा मजकूर जसाच्या तसा वापरण्यास माझी हरकत नाही, आणि जिल्हा आवृत्त्यांसाठी तो अहिराणी, कोकणी किंवा गोंडी बोलणाऱ्या वाचकांच्या भाषेत द्यायचा असेल तर त्या भागातील बालरोगतज्ज्ञांकडून तो तपासून घेण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ